मोहरीलबाईंचा झरोका

"बाई, ह्या वहीतले आकडे खरे आहेत ना?"

मी विचारून बसले. समोर सरोजिनी मोहरील होत्या, आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी तेव्हा एकतीस वर्षांची, वास्तुविशारद म्हणून माझ्या नावाची पाटी लागून चार वर्षं झालेली, तरी त्यांच्यापुढे खुर्चीच्या टोकावरच बसले होते.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, काही आकडे खोटे आहेत."

"मग तसं लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "आणि चहा घे. निवतोय."

ही २०१० च्या मे महिन्यातली गोष्ट, चंद्रपुरातली. दुपारी बाहेर सेहेचाळीस अंश व्हायचे. बाईंच्या खोलीत मात्र त्या सकाळी बसवत होतं, आणि ते माझ्यामुळे होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

बाईंचं घर ब्याऐंशी साली बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर दोन, पश्चिमेकडे सगळी सपाट भिंत. मे महिन्यात संध्याकाळी त्या भिंतीला हात लावला की तव्यासारखा चटका बसायचा. खाली दोन कूलर, वर एक. आदल्या वर्षी बाईंनी मला फोन केला होता. "वैरागडे ना तू? सातवी ब. वर्तमानपत्रात तुझं वाचलं. ह्या घरातून मला कूलर हाकलायचेत. त्यांच्या घरघरीत मला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही."

त्यांचा मुलगा निशिकांत ह्याच्या विरुद्ध होता. तो एका कारखान्यात अभियंता होता. लग्नाला तीन वर्षं झालेली. तो आणि त्याची बायको वृंदा वरच्या मजल्यावर राहायचे. "मॅडम, दोन एसी लावले की काम होतं. आईच्या हौसेखातर एवढी तोडफोड कशाला?" असं तो हसून म्हणायचा. निशिकांत सगळंच हसून म्हणायचा. मी गेले की स्वतः पाणी आणून द्यायचा, मजुरांना दादा म्हणायचा. बाईंनी त्याचं ऐकलं नाही, तेव्हाही तो हसलाच.

काम पाच महिने चाललं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून दुसरी भिंत, मध्ये चार बोटं पोकळी. गच्चीवर ऊन परतवायला पांढऱ्या फुटक्या टाइल्स. मागच्या कडुनिंबाकडे उघडणाऱ्या बुटक्या खिडक्या, म्हणजे सावलीतली हवा आत येईल. आणि ह्या सगळ्याचा जीव होता जुन्या न्हाणीघरांच्या मागची बंद पडलेली पोकळी. ती साफ करून आम्ही गच्चीच्या वर सहा फूट नेली आणि प्रत्येक खोलीतून छताजवळ तिच्यात एकेक झरोका उघडला. तापलेली हवा झरोक्यातून पोकळीत जाते, वर चढते, निघून जाते, आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. वीज लागत नाही. दमडूजी शेंडे आमचे मिस्त्री. ते तिला धुराडं म्हणायचे. "चूल नाही अन् धुराडं मोठं," असं म्हणून हसायचे.

फेब्रुवारीत काम संपलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कूलर भंगारवाल्यानं नेले. पुण्याच्या एका संस्थेनं अशा घरांसाठी स्पर्धा ठेवली होती, तिच्यात मी हे घर घातलं. अठ्ठावीस मे रोजी परीक्षक येणार होते. त्यांना तीन महिन्यांच्या नोंदी हव्या होत्या, घरमालकानं हातानं लिहिलेल्या आणि यंत्राच्याही. यंत्र म्हणजे काडेपेटीएवढी डबी, दर पंधरा मिनिटांनी तापमान टिपून ठेवणारी. बाईंच्या खोलीत मी ती कपाटावर ठेवली होती. हातानं लिहायचं काम बाईंनी घेतलं. दुपारी तीनचा आकडा, रोज, शाळेच्या हजेरीपटासारख्या सरळ अक्षरात.

वहीत रोज पस्तीसच्या आसपास होतं. यंत्रात तसं नव्हतं. यंत्रात काही दुपारी पस्तीस आणि काही दुपारी अडतीस, एकोणचाळीस. चढण एकाएकी सुरू व्हायची, अडीचच्या सुमाराला, आणि चार-साडेचारला उतरायची.

घर तापतं म्हणून खोटं बोलणारी माणसं मी पाहिली होती. घर तापत असताना गार आहे म्हणून लिहिणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. कोणीतरी माझ्या बाजूनं खोटं बोलत होतं, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

पहिला संशय दमडूजींवर गेला. पोकळीत कुठेतरी विटांचा राडारोडा राहिला असेल, तो कधी हवा अडवत असेल, बाईंनी भिडेखातर झाकलं असेल. मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं, मग गच्चीवर गेले, दोर बांधून पोकळीत उतरले आणि पाऊण तासानं घामानं निथळत बाहेर आले.

"साफ हाये मॅडम. झाडून लखलखीत." त्यांनी उदबत्ती पेटवून बाईंच्या झरोक्याखाली धरली. धूर सरळ आत ओढला गेला. "पाहा. हे तं श्वास घेऊन राह्यलं. तुमचा माह्यावर भरोसा नाही काय?"

"तसं नाही, दमडूजी."

"तसंच हाये," ते म्हणाले आणि उदबत्ती देवापुढे नेऊन लावली.

मी तापमानाची रेघ कागदावर छापून घेतली आणि घरी भिंतीला लावून पाहत बसले. एक आठवडा सपाट. एक आठवडा रोज दुपारी उंचवटा. पुन्हा एक आठवडा सपाट. इतकी शिस्त उन्हाला नसते, वाऱ्यालाही नसते. ती माणसाला असते. हे कळलं आणि मला एकदम मोहरीलांचा फ्रिज आठवला. त्याच्यावर निशिकांतच्या पाळ्यांचा कागद चिकटवलेला होता. एक आठवडा सकाळची पाळी, सहा ते दोन. एक आठवडा दुपारची.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गेले आणि तो कागद पाहून आले. उंचवट्याचे सगळे आठवडे सकाळच्या पाळीचे होते. निशिकांत दोनला सुटायचा, अडीचला घरी यायचा, आणि अडीचलाच खोली तापायला लागायची.

मला वाटलं, सापडला. त्याला एसी हवा होता. तो घरी आला की खाली येऊन झरोका बंद करत असणार, परीक्षकांपुढे घराची फजिती व्हावी म्हणून. आणि आई मुलाला पाठीशी घालायला वहीत खोटे आकडे लिहीत असणार. सगळं जुळत होतं. त्याचं हसणंही मला आता निराळं दिसायला लागलं.

त्या गुरुवारी सकाळची पाळी होती. मी कोणाला न कळवता अडीचच्या पुढे गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फाटकाशी निशिकांतची मोटरसायकल उभी होती, तिचं इंजिन अजून तापलेलं होतं. चप्पल बाहेर काढून मी मागच्या दारानं आत शिरले. हे चोरासारखं होतं, हे तेव्हाही कळत होतं.

निशिकांत खाली नव्हता. बाई स्टुलावर उभ्या होत्या. सहासष्ट वर्षांच्या बाई, एका हातानं कपाट धरलेलं, दुसऱ्या हातानं जुन्या गोधडीची घडी झरोक्यात कोंबत असलेल्या.

"बाई," मी म्हटलं.

त्या दचकल्या नाहीत. हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि घडी आणखी आत ढकलली.

"खाली उतरा आधी. पडाल."

मी त्यांना धरून उतरवलं. त्या पलंगावर बसल्या. मला राग आला होता. पाच महिने मी त्या झरोक्यासाठी भांडले होते, लोखंडाची जाळी स्वतः निवडून आणली होती, आणि ह्या बाईनं तो चिंध्यांनी बुजवला होता. मी स्टुलावर चढले आणि गोधडी ओढून काढली.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मृणाल, राहू दे ते."

तोवर मला ऐकू आलं होतं.

वरच्या खोलीचा झरोका त्याच पोकळीत उघडत होता. आवाज तिथून येत होता, शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ. निशिकांतचा आवाज होता. चढलेला नव्हता. मला पाणी देताना असायचा तसाच, मऊ.

"विचारल्याशिवाय फोन केलास ना ताईला? म्हण."

मग वृंदाचा आवाज. "मी आळशी आहे, म्हणून माझं चुकलं."

"शेवटच्या बाकाला ऐकू गेलं नाही. पुन्हा."

"मी आळशी आहे, म्हणून माझं चुकलं."

"पुन्हा."

मी स्टुलावर तशीच उभी राहिले. कितीदा झालं मी मोजलं नाही. दरवेळी तेवढाच वेळ मध्ये जायचा, दरवेळी तोच शब्द. वृंदा रडत नव्हती. पाढे म्हणावेत तशी म्हणत होती.

मी हे वाक्य ओळखत होते. सातवी ब मध्ये भूमितीचं प्रमेय चुकलं म्हणून मी फळ्यापाशी उभी राहून हेच म्हटलं होतं, वर्गाकडे तोंड करून. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलींनी कधी ना कधी म्हटलं होतं. मोहरीलबाई मागे हात बांधून खिडकीपाशी उभ्या राहायच्या. त्यांचा आवाजही कधी चढायचा नाही. "शेवटच्या बाकाला ऐकू गेलं नाही. पुन्हा." आम्ही मोठ्या झाल्यावर ते एकमेकींना गंमत म्हणून सांगायचो. बाई किती कडक होत्या, म्हणून तर आपण घडलो, असंही म्हणायचो.

मी खाली उतरले. बाई पलंगाच्या कडेवर बसून स्वतःच्या तळहातांकडे पाहत होत्या.

"त्याला मी घरीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "दुसरीपासून दहावीपर्यंत."

वर दार वाजलं. जिन्यावरून पावलं आली, मोटरसायकल सुरू झाली आणि दूर गेली. घरात एवढी शांतता झाली की मागच्या कडुनिंबावरची खार ऐकू येत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधीपासून असेल. मला ऐकू येतंय मार्चपासून. कूलर होते तोवर ह्या घरात कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं."

"तुम्ही वर गेला नाहीत?"

"वर जाऊन काय म्हणू? तो म्हणेल, आई, हे तुझंच आहे." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला झोप लागत नाही, मृणाल. तो घरी नसला तरी मला ते ऐकू येतं."

मग त्यांनी मला विचारलं. त्यांच्या आवाजात विनवणी होती, आणि ती मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"हवा जाईल पण आवाज येणार नाही, असं काही करता येतं का?"

आणि मी म्हणाले, "येतं."

एक क्षणही गेला नाही. उलट मला सुटल्यासारखं वाटलं. इतका वेळ कशालाच माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हा एक प्रश्न असा आला की त्याचं उत्तर मला पाठ होतं. मी सांगत गेले. वरच्या झरोक्याच्या आत लाकडी पेटी बसवायची, तिला दोन वळणं द्यायची, आतून काथ्याचा जाड थर चिकटवायचा. हवा वळते, आवाज काथ्यात मरतो. "दोन दिवसांत सामान आणते, बाई. शनिवारी सकाळी सुरू केलं तर संध्याकाळी बसवून होईल. परीक्षक यायच्या आत होऊन जाईल."

बाईंनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. गोधडीची घडी घालून त्यांनी ती कपाटात ठेवली.

शनिवारी दहा वाजता मी दमडूजींना घेऊन गेले. माझ्या गाडीच्या टपावर फळ्या होत्या आणि काथ्याच्या गाद्या. निशिकांत कामावर होता. दमडूजींना मी सांगितलं होतं की झरोक्यातून धूळ येते. ते गच्चीवरून मोजमाप घ्यायला गेले आणि मी वरच्या मजल्याची बेल दाबली.

वृंदानं दार उघडलं. ती अठ्ठावीस वर्षांची होती, वर्ध्याची, विज्ञानाची पदवीधर. इतके महिने काम चाललं होतं, पण मी तिच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. जे काही बोलायचं ते निशिकांत बोलायचा. तिनं पाणी दिलं. मी मोजपट्टी काढून तिच्या झरोक्याखाली उभी राहिले.

"काय बसवताय?" तिनं विचारलं.

"एक पेटी. धूळ येऊ नये म्हणून."

"इथून धूळ येत नाही," ती म्हणाली. "इथून आवाज येतो."

मी मोजपट्टी गुंडाळत राहिले.

"आई सकाळी पोथी वाचतात ते ऐकू येतं. स्टूल सरकवतात ते येतं. स्टूल सरकलं की मला कळतं, आता त्या बुजवणार." तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "तुमच्या लक्षात नाही आलं का? जसं खाली येतं तसं वरही येतं."

नकाशा मी काढला होता. हवा कुठून कुठे जाते, त्याचे बाण मी काढले होते, निळे आणि लाल. आवाजाला बाण नसतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. गुरुवारी ती इथेच होती. निशिकांत गेल्यावर ती ह्या खोलीत एकटी होती, आणि खाली आम्ही दोघी बोलत होतो. तिनं काय ऐकलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनंही सांगितलं नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मी गच्चीवर गेले. "दमडूजी, सामान उतरवू नका."

"काहून? माप घेतलं न मी."

"नाही बसवायचं."

दमडूजींनी पट्टी खिशात घातली. भर उन्हात, पांढऱ्या टाइल्सवर ते डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होते. "धूळ नोहे ते," ते म्हणाले. "मी त्या दिवशी दोरानं उतरलो तवा आयकलं होतं. मले वाटलं, टीव्ही असन." मग म्हणाले, "टीव्ही नोहे म्हणून तवाच समजलं होतं. म्या सोताले सांगतलं टीव्ही असन म्हणून."

खाली जाऊन मी बाईंना सांगितलं की मी हे करणार नाही. मला वाटलं होतं, त्या कारण विचारतील, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला ऐकू जातं ना?" मी हो म्हटलं. मला जा म्हणाल्या नाहीत आणि मीही गेले नाही. बाराचं जेवण आम्ही जेवलो नाही. दमडूजी गच्चीवर धुराड्याच्या आडोशाला सुटलेल्या टाइल्स बसवत थांबले होते.

अडीचला मोटरसायकल आली. निशिकांतनं दारातून डोकावलं. "अरे, मॅडम! परीक्षकांची तयारी वाटतं? बाहेर फळ्या पाहिल्या." हसला आणि वर गेला.

पाच मिनिटं गेली असतील.

"मला न विचारता त्यांना वर घेतलंस," झरोक्यातून आलं. "म्हण."

बाई उठल्या. स्टुलावर चढल्या नाहीत. खिडकीपाशी मागे हात बांधून उभ्या राहिल्या, आणि मान वर करून बोलल्या. तो वर्गातला आवाज होता, न चढणारा, तरी सगळीकडे पोचणारा.

"निशिकांत, खाली ऐकू येतंय."

वर एकदम थांबलं. मग तो म्हणाला, "आई, तू पड जरा. काही नाही."

"मी पडलेली नाही. मृणाल इथे आहे. दमडूजी गच्चीवर आहेत. आम्हा सगळ्यांना ऐकू येतंय. मार्चपासून ऐकू येतंय. तुला शिकवलं ते मी चूक शिकवलं. ते आता ह्या घरात कोणी म्हणणार नाही."

ह्यानंतर जे झालं ते फार कमी वेळात झालं. वर काहीतरी सरकलं. जिन्यावर पावलं वाजली. मी बाहेर आले तेव्हा वृंदा अर्ध्या जिन्यावर होती, हातात एक बॅग. तिच्या मागे निशिकांत होता. त्यानं तिचा दंड धरला होता आणि माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न करत होता. "मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. घरातल्या गोष्टी असतात."

त्याच्या मागून दमडूजी उतरत होते. ते त्याच्या वरच्या पायरीवर येऊन थांबले. हातात थापी होती, ती त्यांनी उगारली वगैरे नाही, फक्त हातात होती.

"जाऊ द्या साहेब पोरीले," ते म्हणाले.

निशिकांतनं हात सोडला.

बाई दारात आल्या होत्या. वृंदा त्यांच्यासमोर थांबली. मला वाटलं, ती पाया पडेल, किंवा काही तोडून बोलेल. तिनं विचारलं, "मार्चपासून?"

"मार्चपासून," बाई म्हणाल्या.

वृंदानं मान हलवली, जसं एखाद्या उत्तराची खात्री करून घ्यावी, आणि चप्पल घातली.

पुढचं सगळं मला नंतर हळूहळू कळत गेलं, तेही सांगून टाकते. परीक्षक अठ्ठावीसला आले. बाईंनी त्यांच्यापुढे वही ठेवली. तिच्यातले खोटे आकडे लाल शाईनं खोडून शेजारी यंत्रातले खरे लिहिले होते, आणि खाली लिहिलं होतं, 'दुपारी झरोका मी बंद करत असे. घराचा दोष नाही.' आम्हाला बक्षीस मिळालं नाही. जून संपायच्या आत बाईंनी निशिकांतला घराबाहेर काढलं. तो कारखान्याच्या वसाहतीत गेला. वृंदाच्या घटस्फोटाचा खटला तीन वर्षं चालला, आणि त्यात तिच्या बाजूनं सगळ्यात मोठी साक्ष बाईंची झाली. वकिलानं विचारलं, तुम्ही तीन महिने गप्प का बसलात? बाई म्हणाल्या, कारण मी गुन्ह्यात सामील होते. वृंदा त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. कोर्टाच्या आवारातही नाही. २०१९ मध्ये बाई गेल्या, तेव्हा मी तिला कळवलं. तिनं 'बरं' एवढंच लिहिलं. ती वर्ध्याला एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. आता तिची स्वतःची आहे असं ऐकते.

पण त्या शनिवारी ह्यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी तिला माझ्या गाडीतून बस स्टँडवर नेलं. वर्ध्याची गाडी सव्वाचारला होती. आम्ही सावलीच्या बाकावर बसलो. आसपास लोक टॉवेल ओले करून डोक्यावर घेत होते. मला मनातून थोडं बरं वाटत होतं, हे मान्य करायला हवं. उशिरा का होईना, मी नाही म्हटलं होतं. बाई बोलल्या होत्या. ही मुलगी सुटली होती. ह्यात आपला काही वाटा आहे असं मला वाटायला लागलं होतं.

"वर्ध्याला कोणाला कळवायचंय का?" मी विचारलं. "माझा फोन घे."

"ताईला ठाऊक आहे. ती स्टँडवर येणार आहे."

"आता कधी कळवलंस?"

"आता नाही. गुरुवारी. तुम्ही गेल्यावर शेजारच्या काकूंकडे जाऊन फोन केला. बॅगही तेव्हाच भरली होती. आज दुपारची गाडी ठरलेली होती. ते यायच्या आत निघणार होते, पण तुम्ही आलात, मग आई आता तरी काही म्हणतात का, ते ऐकत थांबले."

मी फोन परत पर्समध्ये टाकला.

"गुरुवारी आईंनी तुम्हाला विचारलं ना, हवा जाईल पण आवाज येणार नाही असं करता येतं का म्हणून," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी जाळीखाली जमिनीवर बसले होते. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही बाहेरच्या, शिकलेल्या. मार्चपासून मी त्याचीच वाट पाहत होते, की खालून कोणीतरी काहीतरी म्हणेल. तुम्ही लगेच म्हणालात, येतं. दोन दिवसांत."

"वृंदा, मी—"

"नाही, बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही विचार करून सांगते म्हणाला असतात, तर मी अजून थांबले असते."

गाडी लागली होती. तिनं बॅग उचलली, माझ्या हातातली तिची पाण्याची बाटली घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे सात-आठ माणसं होती. ती चढेपर्यंत मी तिथेच होते. तिनं मागे वळून पाहिलं नाही.